बाबांना जमेल असं गाणं

मैत्रिणींनो, लग्नसराई आली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा वासच बदलतो. एरवी लोणच्याला बुरशी का येते, पितळेची समई कशाने उजळेल, असे प्रश्न असतात. वैशाख जवळ आला की रुखवत, मानपान, आहेराच्या साड्या. पण यंदा आमच्या पनवेलच्याच एका भगिनीने जे विचारलं, ते मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. पत्र चांगलं चार पानी होतं, पण प्रश्न एका ओळीचा : “रिसेप्शनला वडील आणि मुलीने मिळून नाचायचं आहे, तर कोणतं गाणं निवडावं?”

पहिल्यांदा वाचून मला हसूच आलं. मग पत्र पुन्हा वाचलं आणि हसू गेलं.

लेक ऐरोलीला नोकरी करते, मुलगा खारघरचा. सकाळी मुहूर्त, संध्याकाळी हायवेलगतच्या लॉनवर स्वागत-समारंभ. कार्यक्रम बसवून देणाऱ्या मंडळींनी संध्याकाळचा कागदच करून दिला होता. अमुक वाजता केक, अमुक वाजता नवरा-नवरीचं नृत्य, आणि त्यानंतर वडील-मुलीचं नृत्य, पाच मिनिटं. लेकीला कल्पना फार आवडली. वडिलांनी मात्र एक दिवस तालीम केली आणि दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं, “मी नाचणार नाही. आग्रह केलात तर रिसेप्शनला येणारसुद्धा नाही.” तेव्हापासून घरात बापलेकीचं बोलणं बंद. लग्नाला अठरा दिवस उरलेले, आणि बाई मध्ये सापडलेल्या. त्यांना वाटत होतं, गाणं चुकलंय. बरं गाणं मिळालं तर हे तयार होतील.

आता हे नवीन फॅड आहे असं तुमच्यापैकी कितीतरी जणी म्हणतील. आमच्या शेजारच्या काकू तर म्हणाल्याच, “मुलीच्या बापाने हात जोडायचे असतात, नाचायचं नसतं!” प्रथा पाश्चात्त्यांकडची आहे हे खरंच. तिकडे वधूपिता मुलीला चर्चमध्ये वराच्या हाती सोपवतो आणि नंतरच्या मेजवानीत तिच्याबरोबर चार पावलं नाचतो. पण ‘रिसेप्शन’ हा शब्द तरी आपल्या आजीला कुठे माहीत होता? बँडबाजा इंग्रजांच्या पलटणींतून आपल्या वरातीत आला, आणि आज वरातीला बँड नसला तर चुकल्यासारखं होतं. शिवाय आपल्या पनवेल-उरणच्या गावांतून आगरी-कोळी मंडळींच्या हळदीला एकदा जाऊन बघा. धवलारीण धवले गाते, आणि रात्री ढोलकी-बेंजोवर मुलीचा बाप, काका, मामा सगळे मनसोक्त नाचतात. त्यांना कुणी नृत्यशिक्षक लावत नाही. लाज वाटते ती आम्हा गावठाणातल्या, सोसायटीतल्या माणसांना.

एक मात्र माझ्या फार दिवस मनात आहे. आपल्या लग्नात मुलीच्या बापाला कामं पुष्कळ, पण मुलीसाठी म्हणून क्षण नाही. सीमांतपूजन त्याने करायचं, कन्यादान त्याने करायचं, शेवटी झाल. झालीचा अर्थच मुळी, आजवर सांभाळलेली ही मुलगी आता तुमच्या ओटीत घालतो, असा आहे. पण ते सगळं बोलायचं व्याह्यांशी, गुरुजींच्या सांगण्यावरून. मुलीशी काही बोलायचं अशी जागाच नाही. माझं लग्न १९७४ साली आमच्या अंगणातल्या मांडवात झालं. झालीच्या वेळी आमच्या अण्णांच्या तोंडून एक शब्द फुटेना. गुरुजींनी तीनदा सांगितलं, तेव्हा अण्णा एकदम आचाऱ्याकडे वळून म्हणाले, “अजून किती पानं व्हायचीत?” सगळे हसले. मलाही हसू आलं. ते काय म्हणणार होते ते पुढे बारा वर्षांत, ते असेपर्यंत, मी कधी विचारलं नाही.

असो. तर गाण्याकडे वळू या, कारण विचारलं आहे ते गाण्याबद्दल.

पाठवणीच्या गाण्यांना मराठीत तोटा नाही. पी. सावळारामांचं, वसंत प्रभूंनी चाल लावलेलं आणि लताबाईंनी गायलेलं ‘गंगा जमुना’ आमच्या पिढीच्या प्रत्येक लग्नात बँडवर वाजलं. हे सावळाराम ठाण्याचे नगराध्यक्षही राहिले होते, म्हणजे आपल्या शेजारचेच. पुढे १९७९ साली ‘अष्टविनायक’ चित्रपट आला. त्यात शांता शेळके यांचं ‘दाटून कंठ येतो’ वसंतराव देशपांड्यांनी गायलं, आणि मुलीच्या बापाचं कामही त्यांनीच केलं. हिंदीत ‘नीलकमल’मधलं (१९६८) रफीसाहेबांचं ‘बाबुल की दुआएँ’ आहे. अलीकडच्या ‘राझी’मधलं (२०१८) ‘दिलबरो’ आहे. ते गुलजारांनी लिहिलं आणि चित्रपट त्यांच्या लेकीने, मेघनाने, केला. बाप-लेकीचं गाणं खरोखरच बाप-लेकीच्या कामातून आलेलं.

ही सगळी गाणी सुंदर आहेत, आणि ह्यातलं एकही मी नाचासाठी सुचवणार नाही. कारण ही निरोपाची गाणी आहेत. ती एका जागी उभं राहून, पदर डोळ्याला लावून ऐकायची. त्यावर पावलं टाकायला सांगाल तर बापाचा पाय उचलणार नाही आणि मुलीचं काजळ गालावर येईल. शिवाय पाठवणी रिसेप्शननंतर असेल तर एकाच संध्याकाळी दोनदा रडायचं! एकदा पुरे की. ती गाणी पाठवणीच्या वेळेला ठेवा.

दुसरं, गाण्याचं नुसतं नाव बघून गाणं निवडू नका. शब्द नीट ऐका. ह्या बाईंनी कार्यक्रमवाल्यांची यादी पत्राबरोबर जोडली होती. त्यात ‘डान्स विथ माय फादर’ हे इंग्रजी गाणं होतं. नावावरून अगदी ह्या प्रसंगासाठीच केलेलं वाटतं. प्रत्यक्षात ल्यूथर वँड्रॉस ह्या गायकाने २००३ साली ते आपल्या वारलेल्या वडिलांच्या आठवणीत केलं. वडील गेले तेव्हा तो लहान मुलगा होता. समोर धडधाकट बाप उभा असताना हे वाजवायचं? त्याच यादीत ‘पापा कहते हैं’ होतं. तेही १९८८ सालच्या चित्रपटातला कॉलेजचा मुलगा आपल्या भवितव्याबद्दल म्हणतो. लेकीचा, लग्नाचा काही संबंध नाही. आणि कोळीगीतं तर सर्रास लावतात. ‘मी डोलकर’ ठेक्याला फार छान. तेही शांताबाईंचंच, बरं का! पण शब्द तरण्या नाखवाचे आणि त्याच्या आवडतीचे आहेत. बापलेकीला तो ठेका हवाच असेल तर बँडवाल्याला नुसती चाल वाजवायला सांगा. इंग्रजीच हवं असेल तर स्टीव्ही वंडरचं १९७६ सालचं ‘इझन्ट शी लव्हली’ त्यातल्या त्यात बरं. त्याने ते आपली मुलगी जन्मली त्या आनंदात केलं, त्यामुळे त्यात रडणं नाही.

आणि पाच मिनिटं म्हणजे फार होतात हो. पाहुण्यांच्या हातात बशा असतात, लहान मुलं मध्ये पळत असतात. दोन मिनिटं पुष्कळ झाली. गाणं आधी कापून घ्यावं, सुरुवातीचं लांबलचक संगीत काढून टाकावं. त्या संगीतात बापाने हात कुठे ठेवायचे हेच कळत नाही. समारंभ उघड्या लॉनवर असेल तर हा कार्यक्रम लवकर उरका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, बंद सभागृहात तेवढी सूट आहे. सरकार वर्षातले थोडे दिवस बारापर्यंत परवानगी देतं, पण ते सणासुदीसाठी. शेवटी ठेवलेला बापाचा नाच दहाच्या ठोक्याला बुडतो, असं मी स्वतः पाहिलं आहे.

इतकं सगळं मी उत्तरात लिहूनही ठेवलं होतं. पण तालमीनंतरच बिघडलं, हे वाक्य काही डोक्यातून जाईना. पत्रावरचा पत्ता वडाळे तळ्याजवळचा, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. म्हटलं, प्रत्यक्षच जाऊन यावं. (आता ह्यावरून प्रत्येकीच्या घरी मी येईन असं मात्र समजू नका! ह्या भगिनीने हे सगळं लिहायची परवानगी दिली आहे, म्हणून लिहिते. नाव अर्थातच देत नाही.)

भाऊ, म्हणजे बाईंचे यजमान, गॅलरीत पेपर वाचत बसले होते. मी मागून म्हटलं, “काय भाऊ, तयारी कुठवर आली?” ते हलले नाहीत. बाई कपाळाला हात लावून मला खुणेने म्हणाल्या, बघा, असं आहे. मग मी पुढे जाऊन समोर बसले तसे ते चटकन उठले, “या या ताई, कधी आलात?” मोठ्या अगत्याने बोलले. मी विचारलं, “पत्रिका वाटून झाल्या का?” तर म्हणाले, “छे छे, चहा झाल्याशिवाय जाऊ देणार नाही.”

मैत्रिणींनो, आमच्या ह्यांचं असंच झालं होतं. दोन वर्षं मी समजत होते की हे माझं ऐकून न ऐकल्यासारखं करतात. भांडले, अबोला धरला, टीव्ही मोठ्याने लावतात म्हणून शेजाऱ्यांची माफी मागितली. आणि निघालं काय, तर कान! पुरुषमाणूस चष्मा लावतो, दात काढून घेतो, पण कमी ऐकू येतं हे कबूल करणार नाही. अंदाजाने उत्तरं देतो, ओठांकडे बघतो, गर्दीत जायचं टाळतो.

भाऊंनी एकतीस वर्षं बस चालवली. जुन्या गाड्यांचं इंजिन चालकाच्या शेजारीच, पत्र्याच्या झाकणाखाली असायचं. महाड, अलिबाग, घाटातली वळणं, आणि दिवसभर ती घरघर कानाशी. सतत पंच्याऐंशी डेसिबलच्या वर आवाजात काम केलं की कान हळूहळू दुखावतो. आणि तो कसा, तर आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. बायकांचं, मुलांचं बोलणं पुसट होतं, ‘स’, ‘श’, ‘त’ अशी अक्षरं विरतात, आणि खालचे आवाज, ढोल, मृदंग, पुरुषाचा जाड आवाज, हे पुष्कळ दिवस टिकतात. माणसाला बोललेलं कळतं, पण काय बोललं ते कळत नाही. आणि दणदणाटात तर सगळाच कालवा.

मी बाईंना आत भाजी निवडायला पाठवलं आणि भाऊंना समोरासमोर बसून, जरा सावकाश, विचारलं, तालमीला झालं काय? बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ताई, ती मुलगी फाइव्ह-सिक्स-सेव्हन-एट म्हणत होती म्हणे. मला नुसते तिचे ओठ दिसत होते. तीनदा पाय चुकला. पुतणी हसली, तिने मोबाइलवर घेतलं पण. घरात ठीक आहे. तिथे चारशे माणसांत चुकलो तर? लेकीच्या सासरचे म्हणतील, बाप पिऊन आलाय.”

इतकंच होतं. न गाण्याचा दोष, न नाचाचा. आणि लेकीला वाटत होतं, बाबांना आपल्याबरोबर उभं राहायचीच लाज वाटते. कारण लहानपणीही ते तिला फार मिळाले नव्हते. वस्तीची गाडी असायची. रात्री मुक्काम परगावी, सकाळी गाडी परत येईतो ही शाळेत. सुट्टीच्या दिवशी तेवढे ते तिला भजनाला घेऊन जात. भजनी मंडळात ते झांज वाजवतात, अजूनही. मी विचारलं, “तिथे कसं जमतं?” म्हणाले, “झांज हातात असते ना. पखवाज जमिनीतून कळतो.”

पखवाज जमिनीतून कळतो! मग आणखी कसलं गाणं शोधायचं? वारीत दिंडीतले बाप्ये पावली खेळतात, फुगड्या घालतात, त्याला नाच म्हणत नाहीत म्हणून काय झालं? भजनी ठेका आठ मात्रांचा, चालत्या पावलात बसणारा. आणि ज्ञानोबा-तुकारामांचा गजर त्यांना झोपेतही पाठ. लेकीलाही, कारण ती त्यांच्या मांडीवर त्याच आवाजात झोपलेली. शब्द ऐकू येवोत न येवोत, चुकायचं काही कारण नाही.

पण आधी सांगायला हवं होतं. मी भाऊंना म्हटलं, कानाचं लेकीला तुम्ही सांगता की मी सांगू? “मीच सांगतो,” म्हणाले. पण चार दिवस सांगितलं नाही, हेही लिहायला हवं. पाचव्या दिवशी बाईंनीच सांगितलं. लेक म्हणे नुसती ऐकत राहिली, आणि मग आईवरच चिडली, “तुला इतकी वर्षं कळलं कसं नाही?” आईला ते फार लागलं. मला वाटतं, दोघींचंही चुकलं नाही. घरात रोज जे दिसतं तेच दिसेनासं होतं.

तालीम त्यांनी पुढल्या खोलीत केली, कॉट भिंतीला लावून, पुतणीला बाहेर काढून. दोन गोष्टी मी सांगितल्या, त्या तुम्हालाही उपयोगी पडतील. एक, मुलीने बापाच्या हातावर अंगठ्याने ठेका दाबत राहायचा. मग आवाज गेला तरी ताल सुटत नाही. दुसरी, तालीम शालू नेसून किंवा निदान जड साडी नेसून करा. पंजाबी ड्रेसवर जमलेलं पाऊल शालूच्या निऱ्यांत अडकतं, आणि स्टेजवरच्या गालिच्यात उंच टाचा रुततात. गालिचा कडेने टाचून घेतला आहे ना, हे मुलाच्या मावशीवर न सोपवता स्वतः पाहा.

कार्यक्रमवाल्यांनी कुरकुर केली, असलं काही त्यांच्या यादीत नव्हतं. व्याही मंडळींना विचारलं तर त्यांना फारसं काही वाटलं नाही. ते केकच्या उंचीबद्दलच बोलत होते. मी गेले होते रिसेप्शनला. साडेआठला डी. जे. बंद करायला लावला. मंडळाचे पाच जण पांढऱ्या टोप्या घालून स्टेजच्या कडेला बसले, पखवाज मुद्दाम लाकडी फळ्यांवर ठेवला. पहिल्यांदा कुणाचं लक्षच नव्हतं. बापलेक समोरासमोर उभी राहिली, तिने त्यांचा हात धरला, आणि चार पावलं पुढे, चार मागे, एवढंच. भाऊंचे डोळे सारखे तिच्या अंगठ्याकडे. मध्ये कुणीतरी माइक चालू केला आणि कर्कश शिट्टी वाजली, तेव्हा ते थबकले. तिने थांबू दिलं, दोन ठेके नुसते अंगठ्याने दिले, आणि पुन्हा पाऊल उचललं. शेवटी अर्धी फुगडी घातली. शालूत पुरी येईना. फेट्याचा शेमला तिच्या बांगडीत अडकला, तो सोडवताना ती त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. कोणत्या कानाशी ते तिला आता माहीत आहे.

व्हिडिओवाला त्या वेळी पाणीपुरीच्या स्टॉलवर होता. त्यामुळे जे काही आहे ते पुतणीच्या मोबाइलवर, तेही हललेलं. ह्या वेळी ती हसत नव्हती म्हणून की काय!

परवा बाई भाजीबाजारात भेटल्या. मी म्हटलं, कानाच्या डॉक्टरांकडे गेलात का? दोनदा वेळ घेऊन भाऊंनी दोनदा टाळलं म्हणे. आता येत्या बुधवारची वेळ लेकीने घेतली आहे, आणि ती रजा काढून स्वतः न्यायला येणार आहे.